एका पेनीचें मोल

माझ्या संग्रहीं मध्ययुगीन इंग्लंडचीं अकरा नाणीं आहेत. एवढ्यास संग्रह म्हणावें कीं नाहीं याविषयीं मतभेद होईल. परंतु शिक्षकाच्या मिळकतींत बसेल तेवढेंच घ्यावयाचें, आणि एक नाणें घरीं आलें म्हणजे त्याविषयीं मिळेल तें वाचून होईपर्यंत दुसरें मागवावयाचें नाहीं, असा माझा परिपाठ असल्यामुळें हा आंकडा गेल्या पंधरा वर्षांत फार वाढलेला नाहीं. नाणीं सगळीं चांदीचीं आहेत. त्यांतील सर्वांत लहान जें आहे तें नाणें नसून नाण्याचा तुकडा आहे, आणि मला विचाराल तर तोच तुकडा या अकरांत अग्रपूजेचा मानकरी आहे.

"शिवराई, होन, चांदवडी रुपया हीं आपलीं नाणीं सोडून तुम्ही परक्यांच्या नाण्यांमागें कां लागलां?" असें माझे स्नेही मला विचारतात. शिवराई माझ्याजवळही आहे व तिच्यावर माझें प्रेमही आहे. परंतु मला नाण्याच्या छापापेक्षां त्या नाण्यानें बाजारांत काय मिळे हें जाणण्याची हौस अधिक. आणि ही हौस पुरविण्याची सोय तेराव्या-चौदाव्या शतकांतील इंग्लंडाइतकी फार थोड्या देशांत आहे. तेथील मठांचे, जहागिरींचे व राजाच्या बांधकामांचे जमाखर्च चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर लिहिले जात, आणि अशा गुंडाळ्या हजारोंनीं टिकून राहिल्या आहेत. छप्पर शाकारणाराला काय दिलें, नांगराचा फाळ केवढ्यास घेतला, कोंबडी कितीला विकली, सर्व त्यांत नमूद आहे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक थोरल्ड रॉजर्स यांनीं असल्या गुंडाळ्या चाळून भाव व मजुरी यांचा इतिहास लिहावयास घेतला. त्याचे पहिले दोन भाग १८६६ सालीं निघाले, आणि सातवा भाग १९०२ सालीं निघाला तेव्हां ग्रंथकर्त्यास परलोकीं जाऊन बारा वर्षें झालीं होतीं. असल्या माणसांच्या कष्टांवर आम्हां हौशी लोकांची चैन चालते.

आतां पेनी कशी असते तें सांगतों. १२७९ सालीं पहिल्या एडवर्ड राजानें इंग्लंडचें सारें चलन नव्यानें पाडविलें. त्या नव्या छापाची एक लंडनची पेनी माझ्याजवळ आहे. आकारानें ती आपल्या अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. एका बाजूस समोर पाहणारें, दोहों अंगांस कुरळे केस असलेलें मुकुटधारी तोंड आहे. तें राजाचें म्हणावयाचें, पण तसें तें कोणाचेंच नव्हे. बाप, मुलगा व नातू अशा तीन एडवर्डांच्या पेन्यांवर थोड्याफार फरकानें तेंच तोंड आढळतें. दुसऱ्या बाजूस काठापर्यंत पोंचलेला मोठा क्रूस, त्याच्या चार घरांत तीन तीन टिंबें, आणि भोंवतीं लंडन नगराचें नांव. वजन २२¼ ग्रेन, म्हणजे १.४४ ग्रॅम, आमच्या आजोबांच्या मापानें सुमारें दीड मासा. अशा आठ पेन्या ताजव्यांत टाकल्या तर एक तोळा भरतो, म्हणजे जुन्या राणीछाप रुपयाचा भार होतो. शंभरांत साडेब्याण्णव भाग चांदी, बाकी तांबें. हें नाणें दुर्मिळ मुळींच नाहीं. १९०८ सालीं ब्रसेल्स शहरांत एका खोदकामांत सुमारें दीड लाख चांदीचीं नाणीं एका ठिकाणीं सांपडलीं, व त्यांत तेराव्या शतकांतील इंग्लिश पेन्यांचाच भरणा अधिक होता. पहिल्या एडवर्डची साधारण बरी पेनी आजही मुलाच्या साध्या सायकलीपेक्षां कमी पैशांत मिळते.

बारा पेन्यांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड हा हिशेब इंग्लंडांत १९७१ सालापर्यंत चालू होता. परंतु १२७९ सालीं शिलिंग किंवा पौंड नांवाचें नाणेंच अस्तित्वांत नव्हतें. ते केवळ मोजण्याचे शब्द. आपण लाख रुपये म्हणतों, पण लाखाची नोट कोणी पाहिलेली नसते, तसेंच. मोठा जहागीरदार असो कीं रोजंदारीचा मनुष्य असो, दोघांच्याही थैलींत पेनीच. एकाच्या थैलींत पोतडीभर, दुसऱ्याच्या मुठींत एखादी. आणि एक पेनीसुद्धां गरिबाला फार मोठी पडे. म्हणून काय करीत, तर नाण्यावरील क्रुसाच्या रेघेवरून कातर चालवून पेनीचे दोन किंवा चार तुकडे करीत. माझा लाडका तुकडा तो हाच. तिसऱ्या हेन्रीच्या राज्यांत १२४७ सालानंतर पाडलेल्या पेनीची ती चतकोर आहे. भाकरीची असते तशी नाण्याची चतकोर! इंग्रजींतील फार्दिंग या शब्दाचा अर्थही चौथा हिस्सा असाच आहे. एडवर्डानें १२७९ च्या सुधारणेंत फार्दिंगचें स्वतंत्र गोल नाणें काढलें आणि ही कातरण्याची चाल मागें पडली.

हीं नाणीं मी वर्गांत नेतों तेव्हां मुलें पहिला प्रश्न विचारतात तो हा कीं, "सर, ह्याचे आजचे रुपये किती?" सराफाकडे गेल्यास तो चांदीचा भाव सांगेल, त्या पैशांत उपाहारगृहांत दोन माणसांचा चहा-फराळ होईल न होईल. नाणेंविक्रेता आपल्या यादींतील किंमत सांगेल. ती नाण्याच्या जुनेपणाची, स्वच्छतेची आणि गिऱ्हाइकाच्या हौसेची किंमत. या दोहोंपैकीं एकाही उत्तरानें १३०० सालचा मनुष्य ती पेनी हातांत घेऊन काय समजत होता हें कळत नाहीं. कोणी विद्वान् भावांचे कोष्टक मांडून, त्या वेळची एक पेनी म्हणजे आजचे इतके पौंड, असें सांगतात. पण तेंही मला पटत नाहीं. त्या काळच्या घरांत घड्याळ नव्हतें, साखर जवळजवळ नव्हती, औषध होतें न होतें सारखेंच. आणि आपल्या घरांत पोटासाठीं होणारा खर्च हा अनेक खर्चांपैकीं एक असतो. दोन निराळ्या संसारांची अशी बेरीज-वजाबाकी कशी करावी? म्हणून मी मुलांना उलट विचारतों: हिला मिळवावयास किती वेळ राबावें लागे, आणि ती मोडल्यावर पोटांत काय पडे, तें आधीं पाहूं या.

प्रथम पोटाचें पाहूं. माझ्या चतकोरीला काय मिळे? एक पाव. हें मोघम नव्हे. कायद्यानें ठरलेलें होतें. तेराव्या शतकांत, परंपरेनें १२६६-६७ च्या सुमाराचा मानला जाणारा, पाव व बार्लीचें मद्य यांच्या विक्रीचा एक कायदा झाला. त्याची खुबी अशी कीं पावाची किंमत कायम ठेवावयाची आणि गव्हाचा भाव चढेल तसतसें पावाचें वजन उतरवावयाचें. गिऱ्हाइकानें फार्दिंग द्यावी व एक पाव घ्यावा. धान्य स्वस्त असेल तर पाव मोठा, महाग असेल तर लहान. आणि वजन कशानें सांगत? नाण्यानेंच! गहूं एका क्वार्टरला, म्हणजे आजच्या दोन क्विंटलांहून कांहींसें अधिक मापाला, १२ पेनी असतील तर फार्दिंगचा पांढरा पाव ६ पौंड १६ शिलिंग भाराचा असावा, असें त्यांत लिहिलें आहे. प्रथम वाचतांना पावाची किंमत ६ पौंड असें वाटून मनुष्य थक्क होतो. पण तो भार आहे, १,६३२ पेन्यांच्या वजनाचा. हल्लीच्या मापानें तें सुमारें २.४ किलोग्रॅम होतें. गहूं दुप्पट महागला, म्हणजे २ शिलिंगांवर गेला, कीं पाव अर्धा व्हावयाचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस गहूं ५-६ शिलिंगांच्या आसपास असणें ही नित्याची गोष्ट होती. ६ शिलिंगांच्या भावानें तोच पाव २७२ पेन्यांच्या भाराचा, म्हणजे सुमारें ४०० ग्रॅमचा होतो. वजनांत चोरी करणाऱ्या भटाऱ्याला लंडनमध्यें त्याचा पाव गळ्यांत बांधून फरफटत रस्त्यांतून फिरवीत. भाव स्थिर आणि पाव अस्थिर, ही योजना मला फार विचार करण्यासारखी वाटते. हल्लीं बिस्किटांच्या पुड्याची किंमत तीच राहून आंतील बिस्किटें कमी होतात तेव्हां आपण कारखानदाराच्या नांवानें खडे फोडतों. तेथें तो राजाचा कायदाच होता, व निदान तो सर्वांना ठाऊक तरी होता.

आतां राबण्याचें. त्या काळीं गवंडी किंवा सुतार दिवसाला ३ पेनी मिळवी, आणि त्याच्या हाताखालीं चुना कालविणारा, दगड वाहणारा मजूर दीड पेनी. दीड पेनी म्हणजे सहा फार्दिंग, म्हणजे वर सांगितलेले सहा पाव. त्यांत बायको, मुलें, घरभाडें, पायांतले जोडे. रविवारीं व सणांच्या दिवशीं काम नाहीं, आणि काम नाहीं त्या दिवशीं पैसा नाहीं. १३१५ सालीं पार्लमेंटनें कांहीं जिनसांचे भाव ठरवून दिले, त्यांत पुष्ट कोंबडी १ पेनीला, आणि अंडीं पेनीला २४ असे आंकडे आहेत. वर्गांत हें ऐकून मुलांना स्वस्ताई वाटते. पण त्या मजुराला एका कोंबडीसाठीं दिवसाचे दोन तृतीयांश राबावें लागे, आणि घरांत मीठ-सरपण आहे असें समजून.

आणि हे भावही खरे राहिले नाहींत. १३१५ च्या पावसाळ्यानें सारें बुडविलें. पावसानें पीक शेतांत कुजलें, पुढच्या वर्षींही तेंच झालें, आणि उत्तर युरोपभर तो दुष्काळ १३१७ पर्यंत चालला. ठरविलेल्या भावानें माल विकण्यास कोणी तयार होईना, बाजारांतून माल नाहींसा झाला, व १३१६ सालीं राजाला तो हुकूम मागें घ्यावा लागला. कांहीं ठिकाणीं गहूं २४ शिलिंगांवर गेला. वरच्याच प्रमाणानें हिशेब केला तर चतकोरीचा पाव ६८ पेन्यांच्या भाराचा, १०० ग्रॅमचा होतो. पेनी मात्र तीच होती. तितकीच चांदी, तोच क्रूस, तेंच कुरळ्या केसांचें तोंड. नाणें चोख असलें म्हणजे प्रजा सुखी, असें जे समजतात त्यांना मी हा पाव दाखवितों.

चोखपणाविषयीं राजे अत्यंत दक्ष असत, आणि त्या दक्षतेची एक काळी बाजू आहे. ११२४ सालीं पहिल्या हेन्रीच्या राज्यांत नाणें इतकें हिणकस झालें कीं पौंडभर पेन्या घेऊन बाजारांत गेलेल्या मनुष्याला बारा पेन्यांचा माल मिळेना, असें तेथील बखरकार लिहितो. राजानें देशांतील टांकसाळींच्या कारागिरांना नाताळांत विंचेस्टर येथें बोलावून घेतलें आणि त्यांचे उजवे हात तोडविले. पुढें दोष टांकसाळींत नसून गिऱ्हाइकांत दिसूं लागला. नाणीं मोजून देत, तोलून नव्हे. तेव्हां प्रत्येकाची कड किंचित् कातरून ती चांदी वितळविणें हा चोरट्या नफ्याचा धंदा झाला. क्रूस काठापर्यंत नेला तोही कातरलेलें नाणें ओळखूं यावें म्हणून. १२७८ च्या नोव्हेंबरांत एडवर्डानें या आरोपावरून सहाशेंहून अधिक यहुदी एकदम पकडविले, आणि पुढील वर्षीं त्यांपैकीं अडीचशेंहून अधिक लोकांना मृत्युदंड झाला. नाणीं कातरणारांत ख्रिस्ती सोनार व व्यापारीही होते. पण त्यांपैकीं बहुतेक दंड भरून सुटले. १२९० सालीं तर सर्व यहुद्यांना देशाबाहेर घालविलें. माझी १२७९ ची सुबक, भरघोंस वजनाची पेनी त्याच साफसफाईनंतरची आहे. ती हातांत घेतली म्हणजे हें आठवतें, व आठवावें असें मला वाटतें.

माझ्याजवळचें सर्वांत मोठें नाणें म्हणजे तिसऱ्या एडवर्डचा ग्रोट. चार पेनींचें हें नाणें १२७९ सालींही काढून पाहिलें होतें, पण तें चाललें नाहीं. १३५१ सालीं पुन्हां काढलें तें रुळलें. त्या सालाला आणखीही एक महत्त्व आहे. १३४८-४९ च्या महामारीनें देशांतील तिसरा हिस्सा, कदाचित् निम्मी माणसें नेलीं होतीं. शेतें उभीं, कापणारे नाहींत; तेव्हां उरलेले मजूर साहजिकच जास्त मागूं लागले. जमीनदारांच्या पार्लमेंटनें १३५१ सालीं कायदा करून मजुरी महामारीपूर्वींच्या दरांवर बांधून टाकली: गवत वाळविणाराला रोज १ पेनी, पहिल्या आठवड्यांत पीक कापणाराला २, सुताराच्या मुख्याला ३, घडीव दगडाच्या गवंड्याला ४, आणि त्यांच्या हाताखालच्यांना दीड. वर जेवण नाहीं. जास्त घेणाराला खोडा. या कायद्यानें माझा ग्रोट म्हणजे गवत वाळविणाराचे चार दिवस झाले.

याच ग्रोटांत पुढें डोईपट्टी मागण्यांत आली. १३७७ सालीं चौदा वर्षांवरील प्रत्येक माणसामागें, भिकारी वगळून, एक ग्रोट. जमीनदाराला तोच व कुळाला तोच. १३८० च्या अखेरीस पार्लमेंटनें पंधरा वर्षांवरील माणसामागें तीन ग्रोट बसविले. श्रीमंतांनीं गरिबांचा भार कांहींसा उचलावा अशी त्यांत सवलत होती खरी. पण ज्या गांवांत श्रीमंतच नाहीं तेथें भार उचलणार कोण? तेथें नवराबायकोला मिळून सहा ग्रोट, २४ पेनी द्यावे लागले. कायद्यांतील गवत वाळविणाराच्या दरानें ते चोवीस दिवस होतात. कित्येक गांवांनीं आपलीं माणसें मोजतांना बायका व मुली यांच्या संख्या कमी दाखविल्या. तपासनीस आले, आणि १३८१ च्या मे महिन्याच्या अखेरीस एसेक्समध्यें जी दंगल पेटली ती पंधरा दिवसांत लंडनच्या वेशीच्या आंत आली. १५ जून रोजीं स्मिथफील्डच्या मैदानांत बंडवाल्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला व बंड मोडलें. डोईपट्टी मात्र त्या स्वरूपांत पुन्हां बसविण्याचें धाडस त्या शतकांत कोणी केलें नाहीं.

यापुढची गोष्ट मला सर्वांत चमत्कारिक वाटते. चांदीची टंचाई होती, म्हणून पेनी हलकी होत गेली: १३५१ सालीं १८ ग्रेन, १४१२ पासून १५ ग्रेन, आणि १४६४ सालीं अवघे १२ ग्रेन. म्हणजे एडवर्डच्या पेनीहून जवळजवळ निम्मी. माझ्याजवळची पंधराव्या शतकांतील एक पेनी इतकी पातळ आहे कीं फुंकर मारतांना भीति वाटते. मग मजूर भिकेस लागला असेल, असें कोणीही म्हणेल. पण कायदा बाजूला राहून मजुरी चढतच गेली होती. दक्षिण इंग्लंडांत गवंड्याच्या हाताखालचा मनुष्य जेथें दीड पेनी मिळवी तेथें आतां ४ मिळवूं लागला, आणि गवंडी ६. हिशेब करून पाहा: १३०० सालीं दीड पेनी म्हणजे सुमारें ३३ ग्रेन चांदी, १४६४ नंतरच्या ४ पेनी म्हणजे ४८ ग्रेन. नाणें वाळलें आणि मूठ भरली! शिवाय धान्याचे भाव त्या मानानें वाढले नाहींत. रॉजर्स यांनीं तर पंधराव्या शतकाला इंग्लिश मजुराचें सुवर्णयुग म्हटलें. मागाहूनच्या अभ्यासकांनीं त्यावर योग्य शंका काढली आहे कीं दर कळला तरी वर्षांत कामाचे दिवस किती मिळत हें दरावरून कळत नाहीं. ती शंका जमेस धरूनही त्याचें ताट आजाच्या ताटापेक्षां भरलेलें होतें यांत संशय नाहीं. पण तें तसें कशामुळें होतें, हें विसरतां येत नाहीं. हातांना किंमत आली, कारण हात उरले नव्हते. शेजारच्या घरांना कुलुपें लागलीं तेव्हां या घरांत मांस शिजूं लागलें.

सोन्याच्या नाण्यांकडे मी वळलों नाहीं, याचें कारण केवळ माझी थैली नव्हे. तिसऱ्या हेन्रीनें १२५७ सालीं सोन्याची पेनी काढली. तिची किंमत २० पेनी ठरविली. तेराव्या शतकाच्या अखेरच्या मजुरीनें पाहिलें तरी गवंड्याच्या हाताखालच्या मनुष्याचे ते तेरा दिवस. एवढें मोठें नाणें मोडून देणार कोण? लंडनच्या व्यापाऱ्यांनीं तक्रार केली, नाणें फारसें चाललें नाहीं, आणि बहुतेक वितळून गेलें. आतां मोजकींच उरलीं आहेत. डेव्हनमधील एका शेतांत २०२१ सालीं सांपडलेलें एक, २०२२ च्या जानेवारींत लिलांवांत ६,४८,००० पौंडांस गेलें. मला त्याचा हेवा वाटत नाहीं. तें नाणें कोणा मजुराच्या हातांतून गेलें असण्याचा संभव फार थोडा. माझ्या चतकोरीच्या कडा मात्र बोटांनीं गुळगुळीत झाल्या आहेत.

प्रत्येक नाण्याबरोबर मी एक कागदाची चिठ्ठी ठेवतों. तिच्यावर मीं त्यास दिलेले रुपये लिहिलेले नसतात. चतकोरीच्या चिठ्ठीवर "एक पाव, मजुराच्या रोजाचा सहावा हिस्सा" असें आहे, १२७९ च्या पेनीच्या चिठ्ठीवर "एक कोंबडी, किंवा चोवीस अंडीं, किंवा दुपारपर्यंतचें काम" असें आहे, आणि ग्रोटाच्या चिठ्ठीवर "गवत वाळविण्याचे चार दिवस, १३७७ सालीं एक डोकें" असें लिहिलें आहे. या महिन्यांत चौथ्या एडवर्डची १२ ग्रेनची एक पेनी टपालानें येणार आहे. कड थोडी फुटकी आहे, म्हणून ती मला परवडली. चिठ्ठी आधींच लिहून ठेवली आहे: "मजुराच्या रोजाचा चौथा हिस्सा."